कोरियन कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या समितीची सात नावं छापा : मराठी संपादकांना खुलं पत्र

मराठीत आधुनिक जगाचा इतिहास लिहिणाऱ्या, अनुवादणाऱ्या आणि संपादित करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

१७ एप्रिल २०२५ रोजी कोरियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेला शंभर वर्षं झाली. मराठीत त्याची दखल घेतलेली आमच्या पाहण्यात आली नाही. त्याबद्दल रुसायचं कारण नाही. देश दूरचा, पक्ष तीन वर्षांत मोडलेला. पण त्याच वर्षी १० ऑक्टोबरला प्योंगयांगमध्ये उत्तर कोरियाच्या सत्ताधारी कामगार पक्षाच्या ८० व्या वर्धापनदिनाचं संचलन झालं आणि एक जुनं वाक्य पुन्हा फिरायला लागलं : ‘१९४५ साली किम इल-सुंग यांनी कोरियन कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली.’ स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत हे वाक्य असतं, अनुवादित पुस्तकांच्या तळटीपांत असतं, वृत्तलेखांच्या चौकटीत तर असतंच. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं. मक्षिकास्थाने मक्षिका.

या एका वाक्यात तीन चुका आहेत. साल चूक, माणूस चूक आणि ‘स्थापना केली’ हे क्रियापदही चूक. म्हणून हे पत्र.

आमचा यात संबंध काय, तर आम्ही पूर्व आशियाविषयीचा मजकूर मराठीत आणतो. समितीचं नाव, तारीख आणि पद मुळाबरहुकूम लिहिलं की तपासणारा मराठीतला उपलब्ध संदर्भ उघडतो, त्यात वेगळंच दिसतं आणि बरोबर असलेलं खोडलं जातं. चुकीची नोंद नुसती चुकीची राहत नाही, ती पुढचं बरोबर लेखनही अडवते. आमची तक्रार कुणा एका प्रकाशनाविरुद्ध नाही. सवयीविरुद्ध आहे.

आधी सालाबद्दल.

१७ एप्रिल १९२५, शुक्रवार. सोल तेव्हा जपानी अमलाखाली होतं आणि सरकारी कागदांत त्याचं नाव ‘केइजो’ होतं. दुपारी एकच्या सुमारास शहराच्या मध्यभागातल्या ‘आसॉवॉन’ नावाच्या चिनी रेस्टॉरंटमध्ये वीसेक जण जेवायला म्हणून जमले. आज लोट्टे हॉटेल उभं आहे, त्याच परिसरात हे रेस्टॉरंट होतं. दिवसही विचार करून निवडला होता. १५ ते १७ एप्रिल या काळात शहरात देशभरच्या पत्रकारांची परिषद चालू होती आणि पोलिसांचे डोळे तिकडे लागले होते. या जेवणाच्या बैठकीत कोरियाचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला आणि सात जणांची मध्यवर्ती कार्यकारी समिती निवडली गेली.

ते सात जण असे : किम जे-बोंग, किम याक-सू, किम चान, जो दोंग-हो, जू जोंग-गॉन, जॉंग उन-हे आणि यू जिन-ही. किम जे-बोंग जबाबदार चिटणीस झाले, संघटनेचं काम जो दोंग-हो यांच्याकडे गेलं आणि प्रचाराचं किम चान यांच्याकडे. शिवाय तिघांची वेगळी तपासणी समिती होती : युन दॉक-ब्यॉंग, सोंग बोंग-ऊ आणि जो बोंग-आम. दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलला, पाक हॉन-यॉंग यांच्या घरी पक्षाची युवक संघटना उभी राहिली आणि तिचे जबाबदार चिटणीस खुद्द पाक झाले. पक्षाच्या स्थापनेनंतर पाच दिवसांनी, २२ एप्रिलला, जपान सरकारने ‘शांतता रक्षण कायदा’ जाहीर केला. १२ मेपासून तो कोरियातही लागू झाला आणि पुढची वीस वर्षं या मंडळींना तुरुंगात घालायला तोच वापरला गेला.

ही सातांची यादी म्हणजे नुसती नामावळी नाही, तो वाटाघाटीचा निकाल आहे. त्या वेळी सोलमध्ये डाव्यांचे अनेक गट होते. त्यांतला एक ‘मंगळवार मंडळ’. मार्क्सचा जन्म मंगळवारचा (५ मे १८१८), म्हणून हे नाव. (आपल्याकडे मंगळवार म्हटलं की वेगळंच काही आठवतं, पण असो.) दुसरा ‘उत्तरवारा मंडळ’. किम जे-बोंग पहिल्या गटाचे, किम याक-सू आणि जॉंग उन-हे दुसऱ्या गटाचे. तिसरा वजनदार गट सोलच्या युवक संघटनेचा. तो या बैठकीबाहेर राहिला आणि पुढे बरीच वर्षं या समितीला ‘आमची नव्हे’ म्हणत राहिला. नावं गाळली की हा सगळा ताण गळतो. मग पक्ष आपोआप उगवल्यासारखा दिसतो.

याच्या आधीचंही थोडं सांगणं भाग आहे. १९१८ साली खाबारोव्स्कमध्ये ई दोंग-ह्वी यांनी कोरियन समाजवाद्यांचा पक्ष काढला होता. १९२१ साली शांघाय आणि इर्कुत्स्क या दोन ठिकाणी ‘कोर्यो कम्युनिस्ट पक्ष’ याच एका नावाचे दोन पक्ष होते आणि त्यांच्यातलं वैर जून १९२१ मध्ये अमूर प्रांतातल्या स्वोबोद्नी इथे कोरियन सैनिकांच्या आपसातल्या रक्तपातापर्यंत गेलं. १९२२ अखेर कॉमिन्टर्नने (मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेने) दोन्ही पक्ष बाजूला सारून व्लादिवोस्तोकला स्वतःचा कोरियन ब्यूरो बसवला. म्हणजे ‘पहिला कोरियन कम्युनिस्ट पक्ष कोणता’ या प्रश्नाला तीन-चार उत्तरं आहेत. त्यांतलं एकही १९४५ नाही.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. भारतीय कम्युनिस्ट पक्ष १७ ऑक्टोबर १९२० ला ताश्कंदमध्ये जन्मला की २६ डिसेंबर १९२५ ला कानपुरात, हा वाद मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला नवा नाही. कानपूर परिषदेला जोगळेकर, निंबकर, घाटे मुंबईहून गेले होते. डांगे तेव्हा कानपूर कटाच्या खटल्यात शिक्षा भोगत होते. या वादावर मराठीत दोन्ही बाजूंनी लिहिलं जातं आणि संपादक ते छापतात. मग त्याच वर्षी, आठ महिने आधी, तसाच परदेशातून की देशातून हा प्रश्न घेऊन जन्मलेल्या कोरियन पक्षाला एका ओळीत का उरकायचं?

दुसरी तक्रार : १९२५ ते १९२८ या काळात समिती एक नव्हती, चार होत्या. आमच्याकडे लिहिताना चारही एकत्र कालवल्या जातात आणि कुठल्याही माणसाला कुठल्याही सालात बसवलं जातं.

पहिली समिती नोव्हेंबर १९२५ मध्ये फुटली, आणि कशी फुटली ते पाहण्यासारखं आहे. २२ नोव्हेंबरला यालू नदीकाठच्या सिनउइजू या चीनच्या सीमेवरच्या गावात एका रेस्टॉरंटमध्ये युवक संघटनेची काही मुलं जेवत होती. तिथेच आलेल्या एका वकिलाशी आणि त्याच्याबरोबरच्या जपानी पोलिसाशी त्यांची मारामारी झाली. पोलिसांनी घरांची झडती घेतली, तेव्हा हाती लागलं ते भलतंच : पाक हॉन-यॉंग यांनी शांघायला जो बोंग-आम यांच्याकडे पोचवण्यासाठी पाठवलेले पक्षाचे कागद. सीमेवरचं गाव असल्यामुळे टपाल तिथूनच पार होत असे. गुप्त कागद आणि उघड संघटना एकाच घरात ठेवण्याची चूक, आणि तिची किंमत पूर्ण समितीने मोजली.

अटक होण्यापूर्वी किम जे-बोंग यांनी सूत्रं कांग दाल-यॉंग यांच्याकडे दिली. हीच दुसरी समिती. शेवटचा सम्राट सुनजोंग एप्रिल १९२६ मध्ये वारला आणि १० जूनला त्याची अंत्ययात्रा निघायची होती. त्या गर्दीत निदर्शनं करण्याचा बेत होता. छापलेली पत्रकं काही दिवस आधीच सापडली, निदर्शनं झाली, पण जुलै-ऑगस्टपर्यंत समिती आत होती. तिसरी समिती किम चॉल-सू यांनी सावरली. ६ डिसेंबर १९२६ ला पक्षाचं दुसरं अधिवेशन झालं. मग जबाबदार चिटणीस भराभर बदलले : आन ग्वांग-चॉन, किम जुन-यॉन, किम से-यॉन. फेब्रुवारी १९२८ पासून अटका. चौथी समिती कामगार चळवळीतून आलेल्या चा गुम-बोंग यांची. ती काही महिनेच टिकली आणि ते स्वतः १९२९ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असतानाच वारले.

हे पुन्हा पुन्हा का घडलं, त्याची कारणं ‘दडपशाही’ या एका शब्दात मावत नाहीत. एक समिती पकडली जाण्याची लक्षणं दिसली की ती पुढच्या समितीची नावं स्वतःच ठरवून जात असे, निवडणूक नाही. त्यामुळे वगळलेला गट नव्या समितीला मानायला तयार नसे, मॉस्कोला वेगळा अहवाल पाठवी आणि त्या धावपळीत माणसं, पत्ते, कागद उघडे पडत. शिवाय बरेच सभासद वर्तमानपत्रांत नोकरीला होते. लोकांत मिसळायला ते सोयीचं, पण पोलिसांना पाळत ठेवायलाही तितकंच सोयीचं. १३ सप्टेंबर १९२७ ला सोलच्या न्यायालयात सुरू झालेला पहिल्या दोन समित्यांचा खटला ‘१०१ जणांचा खटला’ म्हणूनच ओळखला जातो. मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यावर मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे, त्याच्याशेजारी या खटल्याला चार ओळी मिळायला हरकत नव्हती.

कॉमिन्टर्नने १९२६ साली दिलेली मान्यता १० डिसेंबर १९२८ च्या ठरावाने काढून घेतली आणि कामगार-शेतकऱ्यांत जाऊन नव्याने बांधा, असं सांगितलं. एका देशात एकच पक्ष हा नियम असल्यामुळे मांचुरियातले (ईशान्य चीनमधले) कोरियन कम्युनिस्ट चिनी पक्षात गेले. किम इल-सुंगही त्यांतलेच. १९३० च्या दशकात त्यांचं सभासदत्व चिनी कम्युनिस्ट पक्षाचं होतं. १९२५ साली ते तेरा वर्षांचे होते, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची, आणि ती एका शब्दाची आहे.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानी सत्ता कोसळली. ११ सप्टेंबरला सोलमध्ये पाक हॉन-यॉंग यांच्या नेतृत्वाखाली कोरियाचा कम्युनिस्ट पक्ष पुन्हा बांधला गेला आणि त्याची मध्यवर्ती समिती सोललाच बसली. उत्तरेत सोव्हिएत फौजा होत्या. तिथल्या कम्युनिस्टांची परिषद १० ते १३ ऑक्टोबर या दिवसांत प्योंगयांगमध्ये झाली आणि १३ तारखेला उत्तरेसाठी एक ‘बुनगुक’ काढायचं ठरलं. ‘बुन’ म्हणजे फाटा, विभागलेला भाग. ‘गुक’ म्हणजे कार्यालय, ब्यूरो. सरळ मराठीत सांगायचं तर शाखा ब्यूरो. सोलच्या समितीने २३ ऑक्टोबरला तिला मंजुरी दिली. मंजुरी घ्यावी लागते ती शाखेला. १ नोव्हेंबरपासून ‘जॉंगनो’ हे या शाखेचं मुखपत्र निघायला लागलं. आजचं ‘रोदोंग सिनमुन’ आपला जन्मदिवस तोच मानतं.

या शाखेचे पहिले प्रमुख किम योंग-बॉम होते आणि त्यांच्याबरोबर ओ गी-सॉप. किम इल-सुंग जबाबदार चिटणीस झाले ते १७-१८ डिसेंबर १९४५ च्या तिसऱ्या विस्तारित बैठकीत. म्हणजे शाखा निघाल्यावर दोन महिन्यांनी.

पुढे प्योंगयांगच्या अधिकृत इतिहासात हा ‘शाखा ब्यूरो’ नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘उत्तर कोरियाच्या कम्युनिस्ट पक्षाची मध्यवर्ती संघटन समिती’ असं भारदस्त नाव आलं, तारीख १३ ऐवजी १० झाली आणि सोलचा संबंध पुसला गेला. आधी कळस, मग पाया. आपण जेव्हा ‘१० ऑक्टोबर १९४५, स्थापना, किम इल-सुंग’ असं लिहितो, तेव्हा आपण इतिहास लिहीत नसतो, एका सरकारच्या दिनदर्शिकेची री ओढत असतो. त्या सरकारवर टीका करणाऱ्या लेखांतही हीच तारीख बिनदिक्कत येते, हे विशेष.

चौथी तक्रार आकड्यांची आणि पदांची. इथे चुका नकळत होतात, म्हणून जरा सविस्तर.

डिसेंबर १९४५ च्या बैठकीत उत्तरेतल्या शाखेचे सभासद ४,५३० असल्याचं सांगितलं गेलं. ऑगस्ट १९४६ मध्ये याच पक्षाचे २,७६,००० सभासद होते. आठ महिन्यांत साठ पट. मधल्या काळात मार्च १९४६ चा जमीनवाटपाचा कायदा आला आणि प्रवेशाचे नियम सैल झाले. यातला एकच आकडा उचलून ‘सुरुवातीचा पक्ष’ म्हटलं की एक तर तो मूठभरांचा वाटतो, नाही तर लाखोंचा. २८ ते ३० ऑगस्ट १९४६ ला हा पक्ष आणि किम दू-बोंग यांचा नव-जनता पक्ष (सभासद ९०,०००) एकत्र येऊन ‘उत्तर कोरियाचा कामगार पक्ष’ झाला. बेरीज ३,६६,०००. मध्यवर्ती समिती ४३ जणांची. अध्यक्ष किम दू-बोंग : चिनी कम्युनिस्टांच्या यानान या तळावरून परतलेले, मूळचे भाषाशास्त्रज्ञ. उपाध्यक्ष दोन, किम इल-सुंग आणि जू यॉंग-हा. मार्च १९४८ च्या अधिवेशनात समिती ६७ जणांची झाली. दक्षिणेत नोव्हेंबर १९४६ मध्ये वेगळा ‘दक्षिण कोरियाचा कामगार पक्ष’ निघाला, अध्यक्ष हॉ हॉन, उपाध्यक्षांत पाक हॉन-यॉंग. जून १९४९ अखेर दोन्हींचं विलीनीकरण झालं, तेव्हा कुठे किम इल-सुंग पक्षाचे अध्यक्ष झाले.

म्हणून ‘१९४६ मध्ये पक्षाध्यक्ष किम इल-सुंग’ हेही चूक. त्यांची पदं क्रमाने अशी : डिसेंबर १९४५ पासून जबाबदार चिटणीस (फक्त शाखेचे), ऑगस्ट १९४६ पासून उपाध्यक्ष, जून १९४९ पासून अध्यक्ष, १९६६ पासून सरचिटणीस. ‘जबाबदार चिटणीस’ला ‘सरचिटणीस’ करू नका. डाव्या चळवळीच्या मराठीत दोन्ही शब्द आहेत आणि त्यांतला फरकही कळतो. १९४६ ची पाच जणांची ‘राजकीय समिती’ होती, तिला सवयीने ‘पॉलिटब्यूरो’ म्हणू नका. आणि ‘पहिलं अधिवेशन’ असं लिहिताना साल लिहाच, कारण प्योंगयांग १९४६ च्या अधिवेशनापासून मोजतं आणि १९२५ च्या पक्षाची आधीच तीन होऊन गेली होती.

त्या पाच जणांचं काय झालं तेही एकदा लिहून ठेवू. हॉ गा-ई जुलै १९५३ मध्ये मृतावस्थेत सापडले, अधिकृत सांगणं आत्महत्येचं. जू यॉंग-हा मॉस्कोतल्या वकिलातीतून परत बोलावले गेले आणि नाहीसे झाले. चोए चांग-इक ऑगस्ट १९५६ च्या बैठकीनंतर बाद. किम दू-बोंग १९५८ पर्यंत बाद. उरले एक.

पाचवी तक्रार शेवटांची. पहिल्या समितीतल्या आणि तिच्या आसपासच्या माणसांचे शेवट दोन्ही कोरियांत विखुरलेले आहेत, त्यामुळे कुठल्याच एका देशाच्या इतिहासात ते पुरे सापडत नाहीत. म्हणूनच तिसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याला ते एकत्र ठेवता येतात. जो बोंग-आम दक्षिणेत १९४८ साली शेतीमंत्री झाले, दोनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, ३१ जुलै १९५९ ला फाशी गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. किम याक-सू दक्षिणेच्या पहिल्या राष्ट्रसभेचे उपसभापती होते. १९४९ मध्ये अटक झाली, १९५० मध्ये ते उत्तरेत गेले. तिसऱ्या समितीचे चिटणीस किम जुन-यॉन चक्क दक्षिण कोरियाचे न्यायमंत्री झाले. पाक हॉन-यॉंग यांना १५ डिसेंबर १९५५ ला प्योंगयांगमध्ये ‘अमेरिकेचा हेर’ म्हणून मृत्युदंड सुनावला गेला. त्याआधी ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांच्या बारा सहकाऱ्यांवर खटला चालला आणि दहा जणांना मृत्युदंड झाला. कोरियन युद्धातली युद्धबंदी नुकतीच झाली होती आणि कैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी भारतीय दल कोरियात पोचण्याच्या बेतात होतं. त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. थोरातांच्या कामगिरीवर लिहिताना पलीकडे त्याच महिन्यांत काय चाललं होतं, याची एक ओळ तरी जोडता येते.

आणि क्वॉन ओ-सॉल. दुसऱ्या समितीतले, युवक संघटनेचे चिटणीस. १७ एप्रिल १९३० ला, पक्षाच्या स्थापनेच्या बरोब्बर पाचव्या वर्धापनदिनी, ते सोलच्या सॉदेमुन तुरुंगात वारले. अंगावरच्या खुणा कुणाला दिसू नयेत म्हणून, असं तिकडे मानलं जातं, त्यांना लोखंडी पेटीत बंद करून पुरलं गेलं. २००८ मध्ये कबर हलवताना ती गंजलेली पेटी खरोखरच सापडली.

आता नावांबद्दल, कारण निम्मा घोळ तिथे आहे. कोरियन नावात आडनाव आधी येतं. सूचीत ‘सुंग, किम इल’ असं लिहिणं म्हणजे ‘बाळ, टिळक गंगाधर’ लिहिण्यासारखं आहे. दुसरं, कोरियनमध्ये ‘ओ’ आणि ‘ऑ’ हे दोन वेगळे स्वर आहेत. रोमन लिपीत दुसऱ्याच्या डोक्यावर एक छोटी खूण असते, छपाईत ती गळते आणि दोन्ही सारखे दिसतात. मराठीला ही अडचणच नाही, ‘ऑ’ आपल्याकडे आहे. तो वापरा : हॉन-यॉंग, पण जे-बोंग. किम इल-सुंग, सोल, प्योंगयांग ही रुळलेली नावं तशीच ठेवा, नियम नव्या नावांना लावा. तिसरं, ‘ज’ आणि ‘च’ वेगळे ठेवा : जो बोंग-आम, पण किम चान. (उच्चाराला फारच चिकटून राहिलात तर हा ‘च’ महाप्राण आहे आणि गृहस्थ ‘किम छान’ होतील. तिथे थोडी ढिलाई बरी.) चौथं, टोपणनावं. किम याक-सू यांचं खरं नाव किम दू-जॉन. काही कागदांत एक, काहींत दुसरं. दोन्ही यादीत घेतली की समिती आठ जणांची होते. पाचवं, त्या काळचे बरेच कागद जपानी पोलिसांचे आहेत. त्यांत तीच चिनी अक्षरं जपानी पद्धतीने वाचली की ‘पाक’चा ‘बोकू’ होतो. मधल्या भाषेतून अनुवाद करताना हे ध्यानात नसेल तर एकाच माणसाचे दोन होतात. पोलिसांच्या कागदांतले कबुलीजबाब मारून घेतलेले आहेत, हेही विसरू नये. त्यातली तारीख घ्यावी, आरोप पडताळून घ्यावा.

आमच्या मागण्या अशा.

‘मध्यवर्ती समिती’ हे शब्द कोरियाच्या संदर्भात कधीही एकटे छापू नका. सोबत पक्षाचं त्या वेळचं पूर्ण नाव, गाव आणि साल द्या. १९२५ चं सोल, सप्टेंबर १९४५ चं सोल, ऑक्टोबर १९४५ चं प्योंगयांग आणि १९४६ चं प्योंगयांग या चार वेगळ्या समित्या आहेत.

१९२५ ची सातही नावं द्या. जागा नसेल तर किमान जबाबदार चिटणिसाचं द्या. दोन शब्दांना जागा होते.

१० ऑक्टोबर ही तारीख लिहायला आमची हरकत नाही. ती ‘उत्तर कोरिया स्थापनादिन म्हणून साजरा करतो’ अशी लिहा.

परीक्षांसाठी लिहिणाऱ्यांनी ‘कोरियन कम्युनिस्ट पक्षाची स्थापना कोणी केली?’ हा प्रश्न एका माणसाचं नाव उत्तर म्हणून ठेवून विचारणं थांबवावं. साल विचारा, ठिकाण विचारा.

जिथे ऑनलाइन नोंद आहे तिथे दुरुस्ती आज होऊ शकते. छापील पुस्तकाची पुढची आवृत्ती निघेपर्यंत शुद्धिपत्राची एक चिठ्ठी पुरे. तिचा मजकूरही आम्ही देतो, जसाच्या तसा वापरा, आमचं नाव नको :

‘कोरियाचा कम्युनिस्ट पक्ष १७ एप्रिल १९२५ रोजी सोलमध्ये गुप्तपणे स्थापन झाला, जबाबदार चिटणीस किम जे-बोंग. तीन वर्षांत त्याच्या चार समित्या पकडल्या गेल्या आणि डिसेंबर १९२८ मध्ये कॉमिन्टर्नने मान्यता काढली. ११ सप्टेंबर १९४५ रोजी पाक हॉन-यॉंग यांनी सोलमध्ये पक्ष पुन्हा बांधला. १३ ऑक्टोबर १९४५ रोजी प्योंगयांगमध्ये त्याचा उत्तर शाखा ब्यूरो निघाला. पहिले प्रमुख किम योंग-बॉम, त्याच डिसेंबरपासून किम इल-सुंग.’

आपले,
पूर्व आशियाचा इतिहास मराठीत आणणारे काही अनुवादक आणि वाचक